घरी जोडलेला कॉम्प्युटर तापून बंद पडतो, तेव्हा काय तपासायचं?



अकरावी-बारावीत किंवा डिप्लोमाला असलेली बरीच मुलं आता स्वतःचा संगणक स्वतः जोडतात. यूट्यूबवर व्हिडिओ बघायचे, लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन सुटे भाग आणायचे, दादाला नाहीतर मामाला मदतीला घ्यायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरात सगळं मांडून बसायचं. कौतुक करण्यासारखीच गोष्ट आहे. पण काही घरांत थोड्याच दिवसांत एक तक्रार सुरू होते. कॉम्प्युटर चालता चालता एकदम बंद पडतो. आधी सूचना नाही, काही नाही, थेट काळोख. लगेच सुरू केला तर आणखी लवकर बंद पडतो. कॅबिनेटला हात लावावा तर गरम.

पुढे घरात काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. ‘गेम खेळून खेळून बिघडवलास!’ हे आधी मुलाला ऐकावं लागतं. मग तो डबा रिक्षात घालून दुकानात जातो. तिथे कोणी म्हणतं, ‘मदरबोर्ड गेलाय काका.’ कोणी म्हणतं, एसएमपीएस बदला. काही हजारांचा भाग बदलला जातो, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ तयार होत असताना पुन्हा काळोख. पैसे जातात, फाइल अर्धवट राहते आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असं मुलाच्या मनात बसतं. मला विचाराल तर यातलं शेवटचं नुकसान सगळ्यात मोठं आहे, कारण ते दुकानात भरून मिळत नाही.

म्हणून आज आपण पाहणार आहोत की असा संगणक दुकानात नेण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येतं. लागणारं साहित्य म्हणजे एक वही, पेन, घड्याळ, खोलीत ठेवायचा साधा तापमापक आणि एक स्क्रू ड्रायव्हर. पद्धत एवढीच की आधी मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. विज्ञानाच्या तासाला आपण प्रयोग असाच करायला सांगतो, पण घरची वस्तू बिघडली की हे कोणालाच आठवत नाही.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. या लेखात त्या डब्याला कॅबिनेट म्हणू आणि सीपीयू किंवा प्रोसेसर म्हणजे मदरबोर्डवर बसलेली ती चौकोनी चिप. हा फरक मुलांनाही आवर्जून सांगा, कारण ‘सीपीयू गरम होतोय’ या वाक्याचे त्यामुळे दोन वेगळे अर्थ होतात आणि तपासणीची सुरुवातच चुकीच्या जागी होते.

बंद पडणं ही आधी सुरक्षा आहे

संगणक तापून बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. तो स्वतःला वाचवत असतो. आजच्या प्रत्येक प्रोसेसरच्या आत तापमान मोजणारे सेन्सर असतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरसाठी वरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या बऱ्याच रायझन प्रोसेसरसाठी ९० किंवा ९५. तापमान त्या रेषेला टेकलं की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. वेग कमी म्हणजे वीज कमी आणि वीज कमी म्हणजे उष्णता कमी. तेवढ्यानंही भागलं नाही आणि तापमान आणखी चढलं, तर मात्र तो वीज तोडायला लावतो. तोच आपल्याला दिसणारा काळोख.

ही सोय पूर्वी सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एक प्रयोग चित्रित केला होता. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा कूलर त्यांनी काढून घेतला. पेंटियम ४ चा वेग मंदावला, पण तो टिकला. त्या काळचे एएमडीचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर मात्र काही क्षणांत धूर सोडून जळाले. त्या व्हिडिओची खूप चर्चा झाली होती. आज बंद पडणारा संगणक पाहून आपण वैतागतो, पण तो बंद पडला नसता तर नवा प्रोसेसर घ्यावा लागला असता. म्हणून पालकांनो, पहिल्या वेळी बंद पडला म्हणजे ‘जळाला’ असं समजू नका. पण ‘परत चालू होतोय ना, मग राहू दे’ असंही करू नका. रोज असा धक्का बसला की उघड्या फाइल खराब होतात, कधी कधी विंडोजही.

उष्णता कुठून कुठे जाते

सातवीच्या विज्ञानात आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवतो. पातेल्यातलं पाणी आणि लोखंडी सळई ही नेहमीची उदाहरणं. संगणकाचं कॅबिनेट हे त्याहून चांगलं उदाहरण आहे असं माझं मत आहे, कारण तिथे वहन आणि अभिसरण एकामागून एक दिसतात आणि दोन्ही मोजता येतात.

मध्यम दर्जाच्या घरगुती प्रोसेसरवर ६५ वॉट असा आकडा लिहिलेला असतो. जोरात काम करताना काही प्रोसेसर त्याहून जास्तही खातात. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब आठवा. पेटलेल्या बल्बला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. तेवढीच उष्णता इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडते. उदाहरणार्थ, रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या आतल्या चिपचं क्षेत्रफळ १८० चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे दोन चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी. ही उष्णता तिथून हलली नाही तर काय होईल ते सांगायला नको.

तिचा प्रवास असा: चिपमधून तिच्यावरच्या धातूच्या झाकणात, झाकणातून थर्मल पेस्टच्या पातळ थरात, तिथून कूलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांत, म्हणजे हीटसिंकमध्ये. इथपर्यंत वहन. पुढे पंख्याची हवा ती उष्णता पात्यांवरून उचलते, कॅबिनेटचा मागचा पंखा ती हवा खोलीत टाकतो आणि खोलीतून ती खिडकीबाहेर जाते. हा सगळा अभिसरणाचा भाग. एवढ्या साखळीतली एक कडी तुटली की मागे सगळीकडे उष्णता तुंबते. गटार तुंबलं की पाणी जसं मागे मागे घरात येतं, अगदी तसंच.

यातली सगळ्यात नाजूक कडी पेस्टची. झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. अ‍ॅल्युमिनियम हवेच्या जवळजवळ ९ हजार पट चांगला उष्णतावाहक आहे. म्हणजे हवेचा केसाएवढा थरसुद्धा भिंतीसारखा अडवतो. पेस्टचं काम ती हवा हाकलणं, बस. पेस्ट स्वतः धातूइतकी चांगली वाहक नसते, म्हणून ती जाडजूड थापूनही उपयोग नाही.

खरंच तापल्यामुळेच बंद पडतोय का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. कॅबिनेट गरम लागलं की उष्णतेवर शिक्का बसतो. पण संगणक एकदम बंद पडण्याची इतर कारणं आहेत आणि आपल्याकडे त्यातलं एक फारच नेहमीचं आहे: यूपीएस.

घरोघरी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असतो. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग लाइट क्षणभर लुकलुकली तरी ती भार उचलू शकत नाही आणि संगणक बंद. घरातले दिवे लगेच पूर्ववत झालेले असतात, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय असा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो. मोठं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेम खेळताना याच्या वर जाऊ शकतात. मग ‘गेम लावला की बंद पडतो’ हे लक्षण हुबेहूब तापल्यासारखं दिसतं. तपासणी सोपी आहे. एक दिवस यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीवरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमधून संगणक चालवा. त्या दिवशी काही झालं नाही, तर नवा कूलर घेण्याचे पैसे वाचले.

दुसरं कारण एसएमपीएस. तो कमी ताकदीचा किंवा थकलेला असेल तर भार पडताच, संगणक थंड असतानाही, एका सेकंदात सगळं बंद होतं. इथे वेळेकडे लक्ष द्या. उष्णतेला साठायला वेळ लागतो. दर वेळी काम सुरू केल्यावर काही मिनिटांनी बंद पडत असेल, आधी पंख्याचा आवाज वाढत असेल, संगणक रेंगाळत असेल आणि पुन्हा लगेच चालू केल्यावर आणखी लवकर बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय पक्का. सकाळी थंड संगणकावर गेम उघडल्या क्षणी बंद, तर विजेचा मार्ग बघा. निळा पडदा येत असेल किंवा चित्र गोठून राहत असेल, वीज चालूच असेल, तर रॅम किंवा विंडोजकडे वळा.

काही जण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही. पण तिच्यामुळे कोणत्या दिवशी किती वाजता हे झालं ते कळतं आणि आपल्या वहीसाठी तेवढंही पुरेसं आहे.

वहीतलं एक पान

आता मोजमाप. विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी कोअर टेम्प, एचडब्ल्यूमॉनिटर किंवा एचडब्ल्यूइन्फो यांपैकी एखादा मोफत प्रोग्राम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. उबुंटू वापरत असाल तर सेन्सर्स ही आज्ञा आहेच. चाचणीआधी महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवायला विसरू नका.

पानावर रकाने आखा: वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग, पंख्याचे फेरे. आधी दहा मिनिटं संगणक नुसता चालू ठेवून नोंद घ्या. मग ज्या कामानं तो बंद पडतो तेच काम सुरू करा आणि दर मिनिटाला लिहीत जा. आकडे वाचायला एक जण, लिहायला दुसरा. बहीण-भावांना हे काम फार आवडतं, भांडण झालं तर घड्याळ कोणी धरायचं यावरून होतं.

एका ओळखीच्या घरातलं असं पान माझ्यासमोर आहे. इंटेलचा ६५ वॉटचा प्रोसेसर, डब्यातूनच आलेला कूलर. खोली ३१ अंश. नुसता चालू असताना प्रोसेसर ६४. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावल्यावर पहिल्याच मिनिटात ९७, दुसऱ्या मिनिटापासून १००. तिथून पुढे तापमान १०० वरच थांबलं, पण वेगाचा आकडा उतरत उतरत निम्म्याखाली आला. अकराव्या मिनिटाला बंद.

या पानात मुलांना काय दिसलं पाहिजे? एक, तापमान चढलं तेव्हा वेग पडला, म्हणजे उष्णताच आहे. दोन, चढण फार झटपट आहे. कॅबिनेटमधली हवा हळूहळू तापत असती तर आकडा हळूहळू वर गेला असता. इथे पहिल्याच मिनिटात मर्यादा गाठली गेली, म्हणजे उष्णता चिपजवळच अडकली आहे. तीन, काहीच काम नसताना ६४ हा आकडा ३१ अंशांच्या खोलीत जास्त आहे. साधारण ४० ते ५० असायला हरकत नव्हती.

त्यांनी नुसत्या अंदाजावर न थांबता कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून तीच चाचणी पुन्हा केली. ही एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच. पट्टी काढल्यावर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलं असतं तर दोष कॅबिनेटच्या हवेचा, म्हणजे पंखे, धूळ, जागा यांचा असता. इथे आकडा दोनच अंशांनी हलला. उरला कूलर, पेस्ट आणि त्यांची बसवणूक. मदरबोर्डला हात न लावता संशय एवढ्याशा जागेवर आला. घरात तोपर्यंत नव्या मदरबोर्डची बोलणी चालू होती, हे सांगायला हवं.

कूलर उघडताना

मोठं माणूस जवळ असल्याशिवाय मुलांनी हे करू नये. आधी विंडोजमधून संगणक नीट बंद करा, मग एसएमपीएसच्या मागचं बटण बंद, मग वायर सॉकेटमधून उपसून बाहेर. पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज निघून जाईल. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला स्पर्श करा. आणि एसएमपीएसचा डबा कधीही, कोणत्याही कारणानं उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. ही सूचना वर्गात मी दोनदा देतो, इथेही दोनदा वाचा.

इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. घरी जोडलेल्या संगणकात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. खुंटी दाबली की ‘टक’ आवाज येतो आणि आपल्याला वाटतं बसली. पण मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवल्यानंतर मागून दिसत नाही, हाताला जोर मिळत नाही आणि एखादी खुंटी अर्धवटच राहते. समोरासमोरच्या कर्णावरच्या दोन खुंट्या आधी, मग उरलेल्या दोन, असं दाबायचं असतं, नाहीतर कूलर एका बाजूला कलतो. सगळ्या बसल्या की चारही कोपरे हलक्या हातानं हलवून बघा. जमलं तर मदरबोर्डच्या मागच्या बाजूनं चारही टोकं आरपार आली आहेत का तेही बघा. वरच्या घरातल्या संगणकात एकाच बाजूच्या दोन खुंट्या नीट बसलेल्या नव्हत्या. कूलर वरून सरळ दिसत होता, पण झाकणाच्या अर्ध्या भागावर टेकलेलाच नव्हता.

एएमडीच्या एएम४ प्रकारच्या बोर्डावर वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे पेस्ट वाळून चिकटली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याच्यासोबत उपसून येतो आणि त्याच्या खालच्या बारीक पिना वाकतात. म्हणून आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग वीज तोडून, पकड सोडवून कूलर डावीकडे-उजवीकडे हळूच पिळा आणि सैल झाल्यावरच उचला.

कूलर निघाला की त्याच्या तळाकडे बघा. पेस्टचा ठसा मधोमध, सगळीकडे सारखा पातळ असेल तर बसवणूक ठीक होती. ठसा एकाच बाजूला असेल तर कूलर कललेला होता. नव्या कूलरच्या तळावर कधी कधी पारदर्शक प्लास्टिकचा कागद असतो. तो न काढताच कूलर बसवणारी मंडळीही आहेत, हसू नका.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापडानं पुसा. नवी पेस्ट झाकणाच्या मधोमध, लहान वाटाण्याएवढी. कूलर दाबला की ती आपोआप पसरते. टूथपेस्ट, ग्रीस, तूप असले इंटरनेटवरचे प्रयोग करू नका. पेस्टची छोटी ट्यूब फार महाग नसते. एकदा कूलर उचलला की जुन्या पेस्टवर तो पुन्हा ठेवायचा नाही, कारण मध्ये हवा अडकते.

शेवटी पंख्याची वायर. मदरबोर्डवर पंख्यांसाठी तीन-चार जागा असतात, त्यातली ‘सीपीयू फॅन’ असं छापलेलीच निवडा. दुसरीकडे जोडली तर पंखा फिरेल, पण प्रोसेसर तापला की त्याचा वेग वाढेलच असं नाही. आणि एखादी सैल वायर पात्यांत अडकत नाही ना, ते बघा.

त्या घरात खुंट्या आणि पेस्ट नीट झाल्यावर तीच चाचणी पुन्हा केली. खोली पुन्हा ३१, नुसता चालू असताना ४१, एक्स्पोर्ट करताना ७४. अर्धा तास आकडा तिथेच राहिला.

धूळ, टेबल आणि मे महिना

वरचं उदाहरण नव्या संगणकाचं. वर्ष-दोन वर्षं नीट चाललेला संगणक तापायला लागला असेल तर आधी धूळ बघा. कूलरची पाती आणि पंखा यांच्यामध्ये धुळीचा असा थर बसतो की कापडाचा तुकडाच वाटावा. मऊ रंगाचा ब्रश आणि हातातला ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, तो भन्नाट फिरू देऊ नका. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्यानं स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर नकोच.

कॅबिनेटच्या पंख्यांची दिशा तपासायची सोपी युक्ती: टिश्यू पेपरची पट्टी जाळीजवळ धरा. पुढच्या पंख्याकडे ती ओढली गेली पाहिजे, मागच्या पंख्यापासून दूर उडाली पाहिजे. दोन्ही पंखे हवा आतच घेत असतील तर गरम हवेला बाहेर जायची धड वाट राहत नाही.

आणि आपलं ते कॉम्प्युटर टेबल! खाली दार असलेला कप्पा, मागे भिंत, वर शोभेचं कापड. त्या कप्प्यात संगणक स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. चाचणीसाठी एक दिवस कॅबिनेट बाहेर काढून चालवा. फरक पडला तर कप्प्याचं दार काढून टाका, त्याला खर्च नाही.

आता एक गणित, आठवीच्या मुलांनाही जमेल असं. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंशांनी गरम राहतो तो फरक, काम आणि पंख्याचा वेग तोच असेल तर, साधारण तसाच राहतो. वरच्या उदाहरणात ७४ वजा ३१ म्हणजे ४३. मे महिन्यात दुपारी खोली ४१ अंशांवर गेली तर प्रोसेसर साधारण ८४. अजून मर्यादेच्या खाली आहे. पण ज्या संगणकात हा फरक ६२ आहे, तो जानेवारीत २६ अंशांच्या खोलीत ८८ वर निभावून नेतो आणि मे महिन्यात १०० ओलांडू पाहतो. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तिथल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. ‘हिवाळ्यात चांगला चालत होता हो’ या तक्रारीचं उत्तर या वजाबाकीत आहे. म्हणून खोलीचं तापमान लिहिल्याशिवाय वहीतल्या नोंदीला अर्थ नाही.

परीक्षा तोंडावर असेल आणि दुरुस्तीला वेळ नसेल तर एक तात्पुरता उपाय. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ करा. एकाच टक्क्याचा बदल दिसतो, पण त्यानं प्रोसेसरचा जादा वेग घेण्याचा प्रकार, म्हणजे टर्बो, साधारणपणे बंद होतो आणि तापमान बऱ्यापैकी उतरतं. लेखन, प्रेझेंटेशन, ऑनलाइन तास यांना काही फरक जाणवत नाही.

वर्गात वापरायचं असेल तर

शाळेत भंगारात निघालेला एखादा संगणक असेल तर तो टाकू नका. वीज न जोडता मुलांकडून त्याचा कूलर काढून घ्या, पेस्टचा ठसा बघू द्या, उष्णतेच्या साखळीचं चित्र वहीत काढायला सांगा. मग चालू संगणकावरच्या नोंदींचा आलेख: आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर तापमान. दोन वेगवेगळे आलेख द्या, एक झटकन चढणारा आणि एक हळूहळू चढणारा, आणि विचारा की कोणत्या संगणकाचा कूलर सैल आहे आणि कोणता बंद कप्प्यात ठेवला आहे. उत्तर बरोबर आलं की नाही यापेक्षा मुलं कारण काय देतात त्याला गुण द्या.

पालकांसाठी शेवटची गोष्ट. एवढं सगळं करूनही संगणक बंद पडत असेल आणि तापमान ८० च्या वर जातच नसेल, तर घरची तपासणी इथे संपली. दुकानात जाताना वहीचं ते पान सोबत न्या आणि नुसतं ‘बंद पडतो’ न सांगता असं सांगा: ‘यूपीएस काढून पाहिला, पेस्ट नवी आहे, प्रोसेसर ७५ च्या वर जात नाही, तरी वीस मिनिटांनी बंद होतो. आधी दुसऱ्या एसएमपीएसवर चालवून दाखवा, मग काय बदलायचं ते ठरवू.’ सुट्या भागांची बिलंही जवळ ठेवा. डब्यातून घेतलेल्या प्रोसेसरवर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, एसएमपीएस आणि मदरबोर्डवरही काही वर्षांची असते. आणि बोलायचं काम मुलाला किंवा मुलीलाच करू द्या, कारण ते पान त्यांच्या हस्ताक्षरात आहे.